हाँगकाँगला पहिल्यांदा जाताना: तिथी बघा, फेरीत बसा, बाजार पायी फिरा

आपल्याकडच्या सहलींच्या पत्रकात हाँगकाँग बहुधा तीन रात्रींत उरकलेलं असतं. एक दिवस डिस्नेलँड, अर्धा दिवस डोंगरमाथ्यावरून शहरदर्शन आणि उरलेला वेळ एखाद्या गारेगार मॉलमध्ये. लहान मुलं बरोबर असतील तर डिस्नेलँडला जरूर जा. पण या शहराचं वैभव पदपथावर, देवळांच्या दारात आणि बंदराच्या पाण्यावर आहे, आणि ते बघायला पैसे फार कमी लागतात. लागतं ते थोडं नियोजन: कोणत्या तिथीला शहरात असायचं आणि कोणत्या वेळी कोणत्या गल्लीत. हा लेख पहिल्यांदाच, स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी भूगोल डोक्यात पक्का बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दक्षिणेला हाँगकाँग बेट, उत्तरेला मुख्य भूमीला जोडलेलं कौलून, आणि दोघांच्या मध्ये व्हिक्टोरिया बंदर. कौलूनच्या मागे न्यू टेरिटरीज, पश्चिमेला लांताउ हे मोठं बेट, तिथेच विमानतळ. १८४१ पासून टप्प्याटप्प्याने इंग्रजांकडे गेलेला हा मुलूख १ जुलै १९९७ रोजी चीनकडे परत गेला. चलन, इमिग्रेशन आणि कायदे मात्र आजही वेगळे आहेत.

पायरी पहिली: आधी तिथी, मग तिकीट

हाँगकाँगचे बहुतेक सण चिनी पंचांगाने ठरतात, म्हणून इंग्रजी तारखा दर वर्षी सरकतात. मराठी घरात हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यांचा महिनाही अमावास्येला पालटतो, पंधराव्या दिवसाच्या आसपास पौर्णिमा येते, आणि ऋतूंशी मेळ राखायला त्यांच्यातही अधिक महिना असतो. मात्र त्यांचा अधिक आणि आपला अधिक दर वेळी एकत्र येत नाही. त्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून अंदाज घ्या आणि तिकीट काढण्याआधी हाँगकाँग सरकारची त्या वर्षाची सुट्ट्यांची यादी एकदा बघा.

चिनी नववर्ष आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमाराला, म्हणजे २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. नवखे प्रवासी नेमके पाडव्याच्या दिवशी उतरतात आणि निम्मी दुकानं बंद बघून हिरमुसतात. पहिले दोन-तीन दिवस छोटी दुकानं, खानावळी, रस्त्यावरचे ठेले बंद असतात. माणसं नातेवाइकांकडे गेलेली असतात. खरी धमाल आधीच्या आठवड्यात असते. कॉजवे बे इथल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये फुलांची जत्रा भरते. पीचच्या कळ्यांनी लगडलेल्या माणसाएवढ्या फांद्या, पिवळ्याधमक इवल्या संत्र्यांची झाडं (कमक्वाट), नार्सिससचे कांदे, त्या त्या वर्षाच्या प्राण्याची खेळणी, असं काय काय तिथे विकायला येतं. जत्रा नववर्षाच्या पहाटेपर्यंत चालते आणि शेवटच्या रात्री उरलेली फुलं स्वस्तात निघतात. तेव्हा नववर्षाच्या तीन-चार दिवस आधी पोचा. जत्रा बघा, आदल्या मध्यरात्री वोंग ताई सिन देवळात वर्षाची पहिली उदबत्ती लावायला होणारी झुंबड लांबून बघा. एरवीच्या वर्षी दुसऱ्या रात्री बंदरावर आतषबाजी असते. हातात जास्तीचा दिवस असेल तर न्यू टेरिटरीजमधल्या लाम त्सुएनला जा. तिथे नवस लिहिलेला कागद संत्र्याला बांधून झाडावर भिरकावतात. २००५ मध्ये मूळ झाडाची फांदी ओझ्याने मोडून माणसं जखमी झाली. तेव्हापासून जुन्या झाडाला विश्रांती आहे. नवस आता प्लॅस्टिकचं झाड झेलतं आणि संत्रंही प्लॅस्टिकचंच असतं.

चौथ्या चिनी महिन्यात, तिथल्या बुद्धजयंतीच्या सुमाराला, चेउंग चाऊ नावाच्या चिमुकल्या बेटावर पावांचा उत्सव असतो. पाव म्हणजे वाफवलेले पांढरे गोल बाओ, त्यावर लाल शिक्का, आत कमळबियांचं, तिळाचं किंवा लाल चवळीसारख्या बियांचं गोड सारण. पाक ताई देवाच्या देवळासमोर या पावांचे उंच मनोरे उभारतात. शेवटच्या दिवशी दुपारी मिरवणूक निघते. पौराणिक किंवा चालू घडामोडींतल्या पात्रांसारखी सजवलेली लहान मुलं लपवलेल्या लोखंडी चौकटींवर बसवलेली असतात, त्यामुळे ती माणसांच्या डोक्यांवरून तरंगत गेल्यासारखी दिसतात. मध्यरात्री मनोऱ्यावर चढून पाव काढायची शर्यत होते. १९७८ मध्ये मनोरा कोसळून लोक जखमी झाले आणि शर्यत बंद पडली. २००५ मध्ये ती लोखंडी सांगाडा आणि दोरखंड वापरून पुन्हा सुरू झाली. शाकाहारी वाचकांनी हा सण मनावर घ्यावा, कारण उत्सवाच्या दिवसांत बेटावरच्या बहुतेक खानावळी सामिष बंद ठेवतात. हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल भागातल्या ५ नंबर धक्क्यावरून साधी फेरीबोट पकडली तर तासाभरात पोचता. मिरवणुकीच्या दिवशी मात्र सकाळीच निघा. दुपारी धक्क्यावरची रांग फार मोठी होते.

पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी (आपला ज्येष्ठ किंवा आषाढ) ड्रॅगन बोटींच्या शर्यती असतात. हाँगकाँग बेटाच्या दक्षिणेला स्टॅनलीच्या किनाऱ्यावर त्या जवळून दिसतात. नगाऱ्याच्या ठेक्यावर वल्ही मारणारे गडी बघण्यासारखे, पण उन्हाचा आणि दमटपणाचा त्रास धरून चला. या दिवशी पानात बांधून उकडलेला चिकट भाताचा पुडा सगळीकडे मिळतो. त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा विचारून घ्या.

सातवा महिना भुकेल्या भुतांचा. पितृपक्षात आपण पितरांना जेवू घालतो. इथे ज्यांना कुणी वारस नाही अशा आत्म्यांनाही जेवू घालतात. संध्याकाळी पदपथाच्या कडेला माणसं कागदी नोटा, कागदी कपडे, कागदी मोबाइल जाळताना दिसतील, शेजारी भात, फळं, उदबत्त्या. बांबूचे मांडव घालून चिनी संगीत नाटकं होतात आणि पहिली रांग अदृश्य पाहुण्यांसाठी मोकळी ठेवलेली असते. तिथे बसू नका. रस्त्यावरच्या नैवेद्यावरून पाय पडू देऊ नका, आणि जाळणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा रोखू नका. हा त्यांच्या घरचा विधी आहे. केवळ तो रस्त्यावर होतो म्हणून तो आपल्यासाठी मांडलेला खेळ ठरत नाही.

आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा मध्य-शरद उत्सव. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच सण निवडायचा असेल तर मी डोळे झाकून हाच सुचवेन. दुकानं उघडी, बाजार भरात, आणि सगळा सण रात्री उघड्यावर. व्हिक्टोरिया पार्कमध्ये कंदिलांचे प्रचंड देखावे, गवतावर चटया टाकून बसलेली कुटुंबं, मुलांच्या हातात उजळलेले ससे आणि मासे. त्या पार्कपासून चालत जाण्याजोगं ताई हांग हे जुनं वस्तीचं ठिकाण आहे. तिथे १८८० पासून अग्नीचा ड्रॅगन नाचवतात: ६७ मीटर लांबीचा गवती ड्रॅगन, अंगभर खोचलेल्या हजारो जळत्या उदबत्त्या, आणि तो खांद्यावर घेऊन अरुंद गल्ल्यांतून धावणारे शेकडो लोक. सहसा तीन रात्री हा नाच असतो. पौर्णिमेच्या रात्री गर्दी जास्त असते, म्हणून आदली किंवा नंतरची रात्र बघा. धूर डोळ्यांत जातो. चष्मा असेल तर उत्तम, लेन्स लावू नका. ही पौर्णिमा आपल्या भाद्रपदात पडली तर अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येते. घरी गणपती असेल तर त्या वर्षी जमणार नाही. आश्विनात पडली की कोजागरीच्या रात्री तुम्ही हाँगकाँगला असाल, जसं २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला झालं.

सणांचा नाद नसेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हवेसाठी सर्वांत चांगला काळ.

पायरी दुसरी: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या पर्यटनाला व्हिसा लागत नाही, मात्र आगमनपूर्व नोंदणी लागते. हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ती मोफत होते आणि मिळालेली नोंदणी सहा महिने चालते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळांच्या नादी लागू नका. पासपोर्टवर जशी आहेत तशीच नावं भरा, चिठ्ठी छापून सही करून बरोबर ठेवा. विमान कंपनी मुंबईतच ती मागते. नोंदणी नाकारली गेली तर रीतसर व्हिसाचा अर्ज करावा लागतो, म्हणून हे काम तिकिटाआधी उरका. पलीकडच्या शेनझेनला जायचा विचार असेल तर त्याला चीनचा व्हिसा वेगळा लागतो.

हाँगकाँग डॉलर अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे, ७.८ च्या आसपास. रुपयात हिशेब करायचा तर अलीकडे एका हाँगकाँग डॉलरचे साधारण अकरा रुपये धरा. एकाच किमतीच्या नोटा तीन वेगवेगळ्या बँका छापतात आणि चित्रं वेगळी असतात, त्यामुळे दोन वेगळ्या नोटा हातात आल्या तर घाबरू नका. बाजारासाठी रोख रक्कम हवीच. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा आहे. आपला बसत नाही, अडॅप्टर घेऊन जा.

पायरी तिसरी: उतरल्यावर

विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्या. ५० डॉलर अनामत आणि वर तुम्ही भराल ते पैसे. मेट्रो (तिथे एमटीआर म्हणतात), बस, ट्राम, फेरी, कोपऱ्यावरची दुकानं, सगळीकडे हे कार्ड टेकवलं की झालं. शहरात यायला एअरपोर्ट एक्स्प्रेस २४ मिनिटांत सेंट्रलला आणते, पण महाग आहे. कौलूनमध्ये उतरणार असाल तर ए२१ नंबरची दुमजली बस घ्या. ती नाथन रोडवरून मोंगकोक, याउ मा तेई, जॉर्डन करत त्सिम शा त्सुईला येते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर पहिल्याच तासात अर्धं शहर डोळ्यांखालून जातं.

मुक्काम जॉर्डन किंवा याउ मा तेई भागात करा. खोल्या अगदी लहान असतात, बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही, पण तीन मोठे बाजार पायी अंतरावर येतात. मेट्रोत खाणंपिणं सक्त मना आहे. पाण्याची बाटलीही तोंडाला लावू नका, दंड होतो. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईच्या लोकांसाठी.

पायरी चौथी: पहिली संध्याकाळ बंदरावर

पहिल्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका. त्सिम शा त्सुईच्या धक्क्यावर या. शेजारी १९१५ सालचा, ४४ मीटर उंच घड्याळाचा मनोरा दिसेल. इथे पूर्वी रेल्वे स्थानक होतं, ते गेलं, मनोरा राहिला. तिथून स्टार फेरीने सेंट्रलला जा आणि अंधार पडल्यावर परत या. तिकीट काही मोजक्या डॉलरांचं, प्रवास दहा मिनिटांच्या आतला. लाकडी बाकांच्या पाठी पुढेमागे ढकलता येतात. बोट ज्या दिशेला जाईल तिकडे तोंड करून बसायचं. या फेरीचा उगम मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईहून आलेले पारशी गृहस्थ दोराबजी नवरोजी मिठाईवाला यांनी १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली आणि १८९८ मध्ये तिची स्टार फेरी झाली. बोटींच्या नावांत 'स्टार' असतो तो त्यांच्या वेळेपासून. धक्क्यापासून जवळच मोदी रोड आहे, तोही मुंबईकर पारशी सर होरमसजी मोदी यांच्या नावाचा. हाँगकाँग विद्यापीठाच्या इमारतीसाठी त्यांनी मोठी देणगी दिली होती.

रात्री आठ वाजता बंदराच्या दोन्ही काठांवरच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ असतो. फुकट आहे, पंधरा मिनिटांच्या आत संपतो. माझ्या मते तो खेळ ठीकठाक. बंदर मात्र त्याच्याशिवायही तासभर बघत बसावं असं आहे.

पायरी पाचवी: कौलूनचे बाजार, एका दमात

सकाळी मेट्रोने प्रिन्स एडवर्ड स्थानकावर उतरा आणि फुलबाजाराच्या रस्त्याला लागा. ऑर्किडच्या रांगा, कमळाच्या कळ्या, बोन्साय. नववर्षाआधी इथे पाऊल ठेवायला जागा नसते. रस्ता संपतो तिथे युएन पो रस्त्यावरची पक्ष्यांची बाग आहे. म्हातारी माणसं आपापले पिंजरे घेऊन येतात, फांदीला टांगतात आणि गप्पा मारत बसतात. पक्ष्यांना खायला जिवंत नाकतोडेही विकत मिळतात. पिंजऱ्याचे बांबू, चिनी मातीच्या इवल्या वाट्या, आकडे, ही हस्तकला नीट बघा. पक्ष्यांना हात लावू नका.

तिथून मागे येऊन तुंग चोई रस्त्याच्या उत्तर टोकाला या: हा सोनमाशांचा बाजार. पाण्याने फुगलेल्या शेकडो प्लॅस्टिक पिशव्या दुकानाबाहेर टांगलेल्या, प्रत्येकीत एक-दोन मासे आणि वर किंमत लिहिलेली. याच रस्त्याने दक्षिणेला चालत राहिलं की लेडीज मार्केट लागतं. दुपारी भरायला लागतं, रात्री अकरापर्यंत चालतं. नाव बायकांचं असलं तरी पिशव्या, मोजे, चुंबकं, चॉपस्टिकचे संच, मुलांचे कपडे, सगळं आहे. दुपारी पाय दुखले की मुक्कामी जाऊन पडा.

अंधार पडल्यावर जॉर्डन स्थानकाकडून टेंपल स्ट्रीटला या. शेजारच्या तिन हाऊ या समुद्रदेवीच्या देवळावरून रस्त्याचं हे नाव पडलं. एकेकाळी समुद्रच तिथवर होता. भराव घालत घालत तो दूर गेला. इथे वस्तूंपेक्षा माणसं बघायची: हात आणि चेहरा वाचणारे ज्योतिषी, क्वचित पेटी-तुणतुण्यावर जुनी कँटोनीज नाटकी पदं म्हणणारे गायक, उघड्यावर मांडलेल्या टेबलांवर मातीच्या भांड्यातला भात खाणारी कुटुंबं.

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर वेगळा अर्धा दिवस काढून शाम शुई पोला जा. आपलिऊ रस्त्यावर केबल, विजेऱ्या, जुने रेडिओ, वापरलेले फोन, सुटे भाग पदपथावर पसरलेले असतात. वस्तू चालवून दाखवायला सांगा, मगच पैसे द्या; नंतर परत घेतली जाईल अशी आशा धरू नका. जवळच्या गल्ल्यांत बटणं, मणी, लेस, कापड यांची ठोक दुकानं आहेत. शिवणकाम करणाऱ्या बाईला तिथून बाहेर काढणं अवघड जातं.

घासाघीस कशी करायची

लेडीज मार्केट, टेंपल स्ट्रीट, जेड या हिरवट मौल्यवान दगडाचा बाजार आणि स्टॅनली इथे भाव करायचाच असतो. भाजी-फळांच्या मंडईत आणि किमतीचं लेबल लावलेल्या दुकानात करायचा नसतो. तीच पिशवी दहा ठेल्यांवर दिसेल, म्हणून तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून तुमच्यापुढे धरते. तुम्ही तुमचा आकडा टाकायचा. पहिल्या भावाच्या निम्म्यावरून सुरुवात करायला हरकत नाही, पण घ्यायचं नक्की नसेल तर आकडा टाकूच नका. तुमचा आकडा तिने मान्य केल्यावर पाठ फिरवणं तिथे फार वाईट समजतात. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे आपली भवानी, तिकडेही शुभ मानतात. ठेला नुकताच उघडला असेल तर भाव पटकन तुटतो, पण नुसती चौकशी करून निघून गेलात तर नाराजीही तेवढीच.

चार शब्द पाठ करा. 'गेई दो चिन?' म्हणजे केवढ्याला? 'ताय ग्वाय' म्हणजे फार महाग. 'पेंग दी ला' म्हणजे थोडं कमी करा. आणि 'म्गोय', जो कृपया आणि आभार दोन्हींना चालतो. कुणी भेट दिली तर मात्र 'दो जे' म्हणायचं. बोटांच्या खुणाही शिकून जा: अंगठा आणि करंगळी पसरली की सहा, अंगठा आणि तर्जनी पसरली की आठ.

मंडईत भाव 'कान' या मापात लिहिलेला असतो. इंग्रजीत कॅटी म्हणतात. एक कान म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम. किलोचा भाव समजून स्वस्त वाटलं तर आधी हा हिशेब करा. जेड आणि मोती केवळ आवडले म्हणून, थोडक्या पैशांत घ्या. खऱ्याखोट्याची पारख नसताना मोठी रक्कम घालू नका. नाथन रोडवर घड्याळं किंवा सूट घ्या म्हणून मागे लागणाऱ्यांना मान हलवून पुढे व्हा, थांबून बोलू नका.

पायरी सहावी: हाँगकाँग बेटावरची भटकंती

ही भटकंती सकाळी दहानंतरच सुरू करा आणि त्याला कारण आहे. सेंट्रलहून डोंगरउतारावर चढत जाणारी सुमारे ८०० मीटर लांबीची सरकत्या जिन्यांची माळ आहे, १९९३ पासूनची. सकाळी सहा ते दहा ती कामावर जाणाऱ्यांसाठी खाली वाहते, मग मध्यरात्रीपर्यंत वर. आधी पायथ्याजवळच्या ग्रॅहम रस्त्यावरच्या मंडईत चक्कर मारा. तिरक्या चढावर भाज्यांचे ठेले, पाण्यात उड्या मारणारे मासे, काळी पडलेली हजार-वर्षी म्हणवली जाणारी अंडी. मग जिन्याने वर जाऊन हॉलिवूड रोडला उतरा.

इथलं मान मो देऊळ १८४७ च्या सुमाराचं, विद्येच्या आणि युद्धाच्या देवांचं. छतापासून लोंबणारी उदबत्तीची मोठमोठी वेटोळी तासन् तास जळत असतात आणि उन्हाची तिरीप आली की धुराचे खांब उभे राहतात. राख अंगावर पडते, पांढरे कपडे नकोत. फोटोला मनाई लिहिली असेल तिथे ती पाळा.

देवळाच्या खालच्या अंगाला कॅट स्ट्रीट, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार: तांब्याच्या मूर्ती, जुनी नाणी, माओच्या काळातली पत्रकं, खऱ्या-नकली चिनी मातीची भांडी. नकलीच समजून घ्या, म्हणजे फसणार नाही. या गल्लीचं अधिकृत नाव अप्पर लस्कर रो. लस्कर म्हणजे ब्रिटिश जहाजांवरचे हिंदी खलाशी. असे खलाशी कोकण किनाऱ्यावरूनही मोठ्या संख्येने जात. शेजारचा ताई पिंग शान भाग १८९४ च्या प्लेगमध्ये उद्ध्वस्त झाला, आणि दोनच वर्षांनी तो रोग मुंबईत पोचला. पुण्यातला प्लेग, रँडने केलेला छळ आणि चाफेकर हे सगळं आपण शाळेत शिकतो. त्या साथीचं आधीचं पान या शांत, झाडांनी भरलेल्या गल्ल्यांत आहे. तिथे घटकाभर थांबा.

उतरून दे वू रोड वेस्टला आलात की सुक्या मासळीची दुकानं सुरू होतात. वास ओळखीचा आहे, अगदी मालवणच्या बाजारात उभं राहिल्यासारखा. पण ढिगांत सोडे-बोंबलांच्या जोडीला वाळवलेले कालव, शिंपले, समुद्रकाकड्या आणि माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्याही असतात. इथूनच ट्राम पकडा. १९०४ पासून चालणारी ही दुमजली ट्राम लोक 'डिंग डिंग' म्हणून ओळखतात. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे द्यायचे, अंतर कितीही असो भाडं एकच, तीन डॉलरच्या किंचित वर. वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून थेट कॉजवे बेपर्यंत जा.

व्हिक्टोरिया पीकला (५५२ मीटर) १८८८ सालची पीक ट्राम जाते, पण रांगेत फार वेळ जातो. सेंट्रलहून १५ नंबरची बस त्याच ठिकाणी नेते आणि वाटेत वळणावळणावर बंदर दिसत राहतं. वर पोचल्यावर पैसे भरून गच्चीवर जायची गरज नाही. लुगार्ड रोडची सपाट पायवाट धरा. थोडं चाललं की झाडी उघडते आणि सगळं शहर पायाशी येतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी तिथे असा.

लांताउवर पो लिन मठ आणि १९९३ मध्ये पूर्ण झालेला ३४ मीटर उंच बुद्ध आहे, २६८ पायऱ्यांवर. तुंग चुंगहून ५.७ किलोमीटरचा रोपवे जातो. धुकं असेल तर पैसे वाया, २३ नंबरच्या बसने जा.

जेवणाचं

शाकाहारी माणसाची हाँगकाँगमध्ये उपासमार होते ही समजूत अर्धवट आहे. भाजीच्या पदार्थातही ऑयस्टर सॉस, सुकी कोळंबी किंवा डुकराची चरबी असू शकते, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे बौद्ध शाकाहारी खानावळी शोधणं. 'जाय' हा शब्द लक्षात ठेवा; तो बौद्ध पद्धतीच्या शाकाहाराला वापरतात. या पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची आणि जैन मंडळींचीही बरीच सोय होते. डायमंड हिलला ची लिन भिक्षुणी मठाच्या नान लियान बागेत असं एक सुंदर उपाहारगृह आहे, आणि पो लिन मठातही शाकाहारी जेवण मिळतं. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक कँटोनीज लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी या जागांना रांगा लागतात.

वरण-भाताची आठवण झालीच तर नाथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय खानावळी आहेत. १९६१ च्या या अवाढव्य इमारतीत दारातच लोक घेरतात. कुठल्या मजल्यावर जायचं ते आधी ठरवून सरळ लिफ्टकडे चाला. पैसे बदलायचे असतील तर दर्शनी खिडकी सोडून आतल्या चार ठिकाणी भाव विचारा.

मासे खाणाऱ्यांनी एकदा साई कुंगला जावं. टाकीतला जिवंत मासा निवडायचा, समोर शिजवून घ्यायचा. 'कान' या मापाचा भाव, वजन आणि शिजवण्याचे पैसे मासा टाकीतून काढण्याआधी ठरवा. रस्त्यावरच्या अंड्याच्या गोल बुडबुड्यांच्या वाफल्स, गरम सोयाबीन दुधाचं दाऊ फू फा आणि आटीव दुधातला कडक चहा चुकवू नका. भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचू नका. मृतासाठी ठेवलेल्या भातात उदबत्त्या तशा खोचतात.

वादळ आलं तर

मे ते नोव्हेंबर हा टायफूनचा काळ. हवामान खातं १, ३, ८, ९, १० असे इशारे देतं. १ लागला तर फक्त बातम्यांवर लक्ष ठेवा. ३ लागला की चेउंग चाऊसारख्या बेटांवर जाऊ नका, परतीच्या फेऱ्या बंद पडू शकतात. ८ लागला की कचेऱ्या, शाळा, बाजार बंद होतात, फेरी, ट्राम आणि बस थांबतात. इशारा लागण्याआधी दोनेक तास तशी सूचना मिळते. तेवढ्या वेळात मुक्कामी परत या, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाणी, पाव आणि फळं घ्या, विमान कंपनीचा संदेश तपासा आणि इशारा उतरेपर्यंत खिडकीपासून दूर बसा.